टीपॅक की सॅमर? टाचण काढताना कोणती चौकट हाताशी ठेवावी

वर्गात तंत्रज्ञान आणायचं म्हटलं की टीपॅक (TPACK) आणि सॅमर (SAMR) या दोन चौकटींची नावं हमखास कानावर पडतात. दोन्ही एकाच पंगतीत बसवली जातात, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. टीपॅक विचारते, शिक्षकाला काय काय यायला हवं? सॅमर विचारते, साधन आल्यामुळे मुलांच्या कामात काय बदललं?

टीपॅकचं मूळ शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांच्या १९८६ च्या मांडणीत आहे. विषय येणं एक, शिकवता येणं दुसरं, आणि तो विशिष्ट विषय मुलांना उमगेल असा शिकवता येणं तिसरं. आपण ज्याला आशययुक्त अध्यापन म्हणतो, त्याच्या जवळचं हे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाचं वर्तुळ जोडलं. आशय, पद्धती, तंत्रज्ञान ही तीन वर्तुळं एकमेकांवर चढून सात भाग होतात आणि भोवती परिस्थितीचा घेर असतो. रुबेन प्वेन्तेदुरा यांच्या सॅमरला चार पायऱ्या आहेत: जुन्याच्या जागी नवं साधन, त्यात थोडी सोय, कामाची फेरमांडणी आणि साधनाशिवाय झालंच नसतं असं काम. सॅमर पाच मिनिटांत समजते, टीपॅकला वेळ लागतो.

एका पाठावर दोन्ही लावून पाहू. विषय: विद्युतधारा. मुलांचा ठाम गैरसमज असा की बल्ब धारा 'खातो', म्हणून बल्बच्या पुढे ती कमी उरते. फेट (PhET) या संकेतस्थळावरचं परिपथाचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरची नक्कल, घ्या. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा एक बल्ब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अँमिटर जोडा. कळ दाबण्याआधी प्रत्येकाला दोन्ही आकडे वहीत लिहायला लावा. मग कळ दाबा: दोन्हीकडे ०.९ अँपिअर. आता तसाच दुसरा बल्ब एकसर जोडा. फक्त दुसऱ्या बल्बपुढचा आकडा उतरेल असा अनेकांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात सगळीकडे ०.४५ होतो.

इथे दोन खाचखळगे आहेत. पडद्यावर इलेक्ट्रॉन धावताना दिसतात आणि पुस्तकातला धारेचा बाण नेमका उलट्या दिशेला असतो. ते आधीच सांगितलं नाही, किंवा पारंपरिक धारेचा पर्याय निवडला नाही, तर तास त्या गोंधळातच जातो. दुसरं, सिम्युलेशनमधल्या साध्या बल्बचा रोध ठरलेला असतो. खऱ्या तारेच्या बल्बचा रोध तापल्यावर वाढतो. एकसर जोडणीत तार कमी तापते, म्हणून धारा बरोबर निम्मी होत नाही, निम्म्याहून जास्त भरते. खरा परिपथ शेजारी मांडलात तर आकडे जुळणार नाहीत, आणि कोणीतरी विचारणारच.

हे सगळं टीपॅकच्या नजरेला दिसतं: गैरसमज कोणता, अंदाज आधी का घ्यायचा, साधन कुठे दगा देतं. सॅमरने मोजलं तर हाच पाठ दुसऱ्या पायरीवर अडकतो, कारण खऱ्या तारांच्या जागी पडदा आला आणि मापनाची सोय झाली, एवढंच. उलट मुलांनी परिपथावर व्हिडिओ करून दुसऱ्या शाळेतल्या मुलांशी चर्चा केली, तर पाठ सहज वरच्या पायरीवर जातो. त्या व्हिडिओत बल्ब अजूनही धारा खात असला तरी! पायऱ्या दिसल्या की माणूस चढायला लागतो, हा सॅमरचा खरा दोष.

टीपॅकचा दोष वेगळा. सात भागांच्या सीमा धूसर आहेत. एखादी गोष्ट कुठल्या खणात घालायची यावर अभ्यासकांचंही एकमत होत नाही. तेव्हा सात खणांचा तक्ता भरत बसू नका. ती चौकट साधनही सुचवत नाही.

नवा पाठ बेतत असाल तर टीपॅक घ्या, पण तीन ओळींत: मुलं कुठे चुकतात, ती चूक उघडी पाडायला त्यांनी काय करायचं, त्यासाठी हे साधन फळ्यापेक्षा सरस का. तिसऱ्या ओळीला उत्तर सुचलं नाही तर फळाच वापरा. सॅमर उपयोगी पडते ती मागे वळून पाहताना. वर्षभर स्लाइड दाखवल्या असतील, तर आपण पहिल्या पायरीवरच आहोत हे ती चटकन दाखवते. नवख्या शिक्षकांसोबत पहिलं बोलणं सुरू करायलाही ती बरी. पाठाला गुण देण्यासाठी मात्र ती वापरू नका.

वीज किंवा नेट बेभरवशाचं असेल तर दोन्ही चौकटींआधी ते पाहा. सॅमरमध्ये परिस्थितीला जागाच नाही. टीपॅकचा बाहेरचा घेर त्यासाठीच आहे, पण आकृती काढताना तोच गळतो. फेटची सिम्युलेशन्स आधी उतरवून घेता येतात. तासाच्या आदल्या दिवशी, वर्गातल्याच मशीनवर, नेट बंद करून एकदा चालवून पाहा.