सूर जुळेपर्यंत डॉलरचेच कार्ड

जानेवारी 2023 मध्ये इग्वासूचा धबधबा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा दोन्ही बाजूंनी पाहण्यासाठी गेलो, तेव्हा एका बँकेचे बहुचलनी प्रवास-कार्ड सोबत घेतले होते. ‘बहुचलनी’ हा शब्द जरा उदारपणे घ्यावा लागतो, कारण माझ्या कार्डात डॉलर, युरो आणि पौंड भरता येत होते, पण ब्राझीलचा रेआल किंवा अर्जेंटिनाचा पेसो नाही. त्यामुळे आधी रुपयांचे डॉलर आणि मग प्रत्येक खरेदीला डॉलरचे स्थानिक चलन अशी दोनदा मोड झाली. दुसऱ्या मोडीवर साडेतीन टक्के आकार लागला. कार्ड भरतानाच्या दरात बँकेने जे काढून घेतले, ते वेगळे.

ब्राझीलच्या फोझ दो इग्वासूमध्ये कार्डाबद्दल तक्रारीला जागा नव्हती. पूल ओलांडून पुएर्तो इग्वासूला पोहोचल्यावर मात्र चित्र बदलले. अर्जेंटिनात 2022 ची महागाई 94.8 टक्के होती, ब्राझीलमध्ये सहा टक्क्यांहून कमी. सर्वांत मोठी नोट 1000 पेसोंची असल्याने रोखीने जेवायचे तर पुडकेच बाळगावे लागे, आणि अनधिकृत बाजारात डॉलरला अधिकृत दराच्या जवळजवळ दुप्पट पेसो मिळत. परदेशी पर्यटकांच्या कार्डांना चढा दर देण्याची सोय तिथे नुकतीच झाली होती, पण माझ्या खात्यातून पैसे आधी अधिकृत दराने कापले गेले आणि फरक काही दिवसांनी जमा झाला. हा फरक कशाचा, हे मदतवाहिनीवरच्या कर्मचाऱ्याला सांगता आले नाही. सेवेतली मोठी उणीव हीच.

त्याच महिन्यात ब्राझीलचे लुला आणि अर्जेंटिनाचे अल्बेर्तो फर्नांडेस या तेव्हाच्या दोन राष्ट्राध्यक्षांनी समाईक चलनाचा विचार जाहीर केला. चर्चेतले नाव होते ‘सूर’, म्हणजे स्पॅनिशमध्ये दक्षिण. मराठी कानाला ते गोड वाटते, पण सूर लागणे सोपे नव्हते. रेआल आणि पेसो रद्द करण्याचा हा बेत नव्हता. परस्पर व्यापाराचा हिशेब डॉलरवाचून व्हावा, एवढीच कल्पना होती. ब्राझील हा अर्जेंटिनाचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार, तरी त्याच्याकडून माल घ्यायलाही डॉलर हवेत, आणि अर्जेंटिनाच्या तिजोरीत तेव्हा नेमका डॉलरचाच खडखडाट होता. माझ्या कार्डावरची दुहेरी मोड या दोन शेजाऱ्यांना व्यापारात वर्षानुवर्षे सोसावी लागते. स्थानिक चलनात देणी भागवण्याची व्यवस्था त्यांनी 2008 पासून चालवली आहे, पण डॉलर जागचा हललेला नाही.

पुढे जाऊन दोघांनी खरोखर एकच नोट छापली, तर माझे साडेतीन टक्के कदाचित वाचणार नाहीत, आणि त्यांना त्याची किंमत बरीच मोजावी लागेल. 1991 पासून अर्जेंटिनाने पेसो डॉलरशी एकास एक बांधून ठेवला होता. जानेवारी 1999 मध्ये ब्राझीलने रेआल घसरू दिला, तेव्हा अर्जेंटिनाचा माल शेजाऱ्याच्या बाजारात एकाएकी महाग झाला. आधीच सुरू झालेली मंदी खोल गेली आणि 2001 च्या अखेरीस सगळा डोलारा कोसळला. समाईक चलन असते तर हा विशिष्ट धक्का बसला नसता, हे खरे. पण मग व्याजदर कोण ठरवणार? ब्राझीलची अर्थव्यवस्था सुमारे तिप्पट मोठी, म्हणजे निर्णय तिच्याच सोयीने होणार. आणि तूट भरायला नोटा छापण्याची सवय अर्जेंटिनाने सोडली नाही, तर तिचा भार ब्राझीलच्या गृहिणीच्या पिशवीवर पडणार.

तूर्त कार्डापुरते सांगायचे, तर ब्राझीलसाठी ते अवश्य घ्यावे. अर्जेंटिनासाठी सोबत थोडे रोख डॉलर ठेवावेत, कोऱ्या नोटांत, कारण माझी चुरगळलेली वीसची नोट दोन दुकानदारांनी परत केली होती.