एकच सीझन तिकीट घ्यायचे असेल तर: मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल आणि बास्केटबॉल प्रशिक्षणाची तुलना

अॅन आर्बरला शिकायला आलेल्या किंवा डेट्रॉइटच्या आसपास मोटार कंपन्यांत नोकरी धरलेल्या मराठी माणसाला मिशिगन विद्यापीठाच्या खेळांची गोडी लागली, की पहिल्याच वर्षी एक निवड करावी लागते. फुटबॉलचे सीझन तिकीट घ्यावे की बास्केटबॉलचे? दोन्ही घेण्याइतका पैसा आणि अभ्यासातून उरणारा वेळ सहसा नसतो. (येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल.) ही निवड बहुतेक जण गर्दी, वातावरण आणि मित्रमंडळी पाहून करतात, आणि त्या कसोटीवर फुटबॉल सहज जिंकतो. प्रस्तुत आढावा मात्र एकाच कसोटीवर लिहिला आहे, ती म्हणजे प्रशिक्षण. २०२५ हे वर्ष संपत असताना मिशिगनच्या दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांकडे पाहिले, तर कोणाचे काम अधिक भरवशाचे आहे आणि प्रेक्षकाला त्यातले किती पाहायला मिळते, हा येथे प्रश्न आहे.

क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्यांना एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. क्रिकेटमध्ये क्षेत्ररचना आणि गोलंदाजीतील बदल मैदानावरचा कर्णधार ठरवतो; अमेरिकेतील या दोन्ही खेळांत तो अधिकार मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाकडे असतो. पण येथून पुढे दोन्ही खेळांचे मार्ग वेगळे होतात. फुटबॉल संघात शंभराच्या वर खेळाडू असतात. चढाईचा कोऑर्डिनेटर वेगळा, बचावाचा वेगळा, किकच्या डावांचा वेगळा, आणि त्यांच्या हाताखाली प्रत्येक जागेचा स्वतंत्र प्रशिक्षक. मुख्य प्रशिक्षक माणसे नेमतो, संघाचा स्वभाव घडवतो आणि अडीअडचणीला शेवटचा शब्द देतो. प्रत्येक डाव तो स्वतः पुकारतोच असे नाही. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाच आणि बाकावर आणखी दहा खेळाडू असतात, त्यामुळे कोणाला कधी उतरवायचे, टाइमआउट केव्हा घ्यायचा, समोरच्याचा उंच खेळाडू कोणी अडवायचा, हे सारे एकाच माणसाच्या तोंडून निघते. फुटबॉलमध्ये प्रशिक्षण ही यंत्रणा असते, बास्केटबॉलमध्ये ती बव्हंशी एक व्यक्ती असते, आणि मिशिगनचा इतिहास या फरकाचा जितका स्पष्ट दाखला देतो तितका क्वचितच एखाद्या विद्यापीठाचा देत असेल.

फुटबॉलची यंत्रणा येथे जुनी आहे. १९४५ मध्ये फ्रिट्झ क्रिसलर यांनी चढाईसाठी एक आणि बचावासाठी दुसरा असे खेळाडूंचे वेगळे गट मैदानात उतरवले, आणि प्रशिक्षकांच्या श्रमविभागणीची वाट तेथूनच रुंद झाली. १९६९ ते १९८९ या काळात बो शेमबेकलर यांनी बिग टेन या विभागाची तेरा विजेतेपदे मिळवली वा वाटून घेतली. राष्ट्रीय विजेतेपद मात्र त्यांच्या हाती कधी लागले नाही. ते १९९७ मध्ये लॉइड कार यांच्या संघाने, नेब्रास्काबरोबर विभागून, मिळवले. त्यानंतर घसरण आली. २००७ मध्ये अॅपलाचियन स्टेटसारख्या खालच्या श्रेणीतील संघाने मिशिगनला त्याच्याच मैदानावर ३४-३२ असे हरवले आणि पुढच्या वर्षी रिच रॉड्रिग्ज यांच्या पहिल्या हंगामात संघ तीन सामने जिंकून नऊ हरला. शेमबेकलर यांच्याच हाताखाली क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार) म्हणून खेळलेले जिम हार्बॉ २०१४ च्या अखेरीस परतले, तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे उद्धारक म्हणून पाहिले. पण कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटविरुद्धचे पहिले पाचही सामने ते हरले आणि २०२० च्या अर्धवट हंगामात संघाने केवळ दोन सामने जिंकले.

विद्यापीठाने त्या वेळी त्यांना काढले नाही. मानधन कमी करून नवा करार दिला. हार्बॉ यांनी स्वतः बदलण्यापेक्षा आपल्या भोवतीची माणसे बदलली, सहायक तरुण घेतले, चढाईच्या आघाडीची फळी शेरॉन मूर यांच्याकडे सोपवली, आणि त्या फळीने २०२१ व २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षे देशातील सर्वोत्तम फळीचा पुरस्कार मिळवला. ओहायो स्टेटला २०२१, २०२२ आणि २०२३ असे सलग तीनदा हरवून, ८ जानेवारी २०२४ रोजी ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनवर ३४-१३ असा विजय मिळवून संघाने एकही सामना न हरता, पंधरा विजयांसह राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. माझ्या मते त्या हंगामातील प्रशिक्षणाचा सर्वांत बोलका सामना अंतिम नव्हता, तर नोव्हेंबर २०२३ मधला पेन स्टेटचा होता. हार्बॉ यांच्यावर त्याच आठवड्यात बंदी आली होती आणि बाकाजवळ मूर उभे होते. मिशिगनच्या नावावर उत्तरार्धात एकाही फेकलेल्या पासची नोंद झाली नाही; संघाने चेंडू हातात घेऊन धावत राहण्याचा एकच डाव पुनःपुन्हा खेळला आणि सामना २४-१५ असा जिंकला. मुख्य प्रशिक्षक मैदानात नसताना संघ अशा आत्मविश्वासाने खेळू शकतो, हेच यंत्रणेचे बळ होय.

त्याच यंत्रणेची काळी बाजूही लपवण्याजोगी नाही. प्रतिस्पर्ध्यांचे सामने प्रत्यक्ष हजर राहून टिपण्यास १९९४ पासून मनाई आहे. मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने माणसे पाठवून विरोधी प्रशिक्षकांच्या हातखुणा चित्रित करवून घेतल्याचे प्रकरण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उघड झाले आणि बिग टेनने हार्बॉ यांना तीन सामन्यांसाठी दूर ठेवले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे हार्बॉ यांचे म्हणणे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने मोठा आर्थिक दंड केला, हार्बॉ यांच्यावर आधीच्या कारवाईची मुदत संपल्यावर सुरू होणारे दहा वर्षांचे निर्बंध लादले, पण विजेतेपद काढून घेतले नाही. हार्बॉ तोवर व्यावसायिक फुटबॉलमध्ये चार्जर्स या संघाकडे गेलेले होते. २०२४ पासून मात्र प्रशिक्षकाचा आवाज थेट एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये पोचू लागल्याने त्या हातखुणांचे महत्त्वच ओसरले आहे.

हार्बॉ गेल्यावर मूर मुख्य प्रशिक्षक झाले. २०२४ मध्ये आठ विजय आणि पाच पराभव, त्यात ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला जाऊन त्यांच्यावर मिळवलेला १३-१० असा अविश्वसनीय विजय. २०२५ च्या साखळीत नऊ विजय, तीन पराभव, आणि शेवटी घरच्या मैदानावर ओहायो स्टेटकडून २७-९ अशी हार. १० डिसेंबर २०२५ रोजी विद्यापीठाने त्यांना वर्तनाच्या कारणावरून बडतर्फ केले आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी काइल व्हिटिंगहॅम यांची नेमणूक जाहीर केली. यूटा विद्यापीठाच्या इतिहासात सर्वाधिक सामने जिंकून देणारे, एकाच ठिकाणी एकवीस हंगाम मुख्य प्रशिक्षक राहिलेले आणि बचावाच्या शिस्तीसाठी ओळखले जाणारे हे गृहस्थ आहेत. नेमणूक शहाणपणाची वाटते. तरीही वयाच्या साठीनंतर नव्या राज्यात, नव्या खेळाडूंसह यंत्रणा पुन्हा जुळवायला एक हंगाम तरी जावा लागतो, हे २०२६ चे तिकीट काढणाऱ्याने गृहीत धरावे.

बास्केटबॉलची गोष्ट सुरू होते तीच फुटबॉलच्या सावलीत. सामने होतात त्या सभागृहाचे नावही क्रिसलर या फुटबॉल प्रशिक्षकाचेच आहे. १९८९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा दोन दिवसांवर आली असताना बास्केटबॉलचे प्रशिक्षक बिल फ्रीडर यांनी अॅरिझोना स्टेटची नोकरी स्वीकारली. क्रीडा संचालकपदही सांभाळणारे शेमबेकलर संतापले, मिशिगनचा संघ मिशिगनचाच माणूस चालवील असे बजावून त्यांनी फ्रीडर यांना तत्काळ दूर केले आणि सहायक स्टीव्ह फिशर यांच्याकडे संघ सोपवला. फिशर यांनी लागोपाठ सहा सामने जिंकले. अंतिम सामन्यात सेटन हॉलवर जादा वेळेत ८०-७९ असा विजय मिळाला, तो रुमील रॉबिन्सनने शेवटच्या तीन सेकंदांत टाकलेल्या दोन फ्री थ्रोंवर. पुढे १९९१ मध्ये एकाच वेळी दाखल झालेल्या पाच नवख्या खेळाडूंनी, ‘फॅब फाइव्ह’ने, दोनदा अंतिम फेरी गाठली, पण त्या काळातील खेळाडूंना एका धनिक चाहत्याकडून पैसे मिळाल्याचे सिद्ध होऊन ते विजय नोंदीतून पुसले गेले आणि सभागृहातील झेंडे उतरवले गेले. फुटबॉलचा झेंडा राहिला आणि बास्केटबॉलचे गेले, ही तुलना येथील जुन्या चाहत्यांना अजून टोचते.

त्या पडझडीतून संघाला वर आणणारे जॉन बीलाइन हे माझ्या दृष्टीने या विद्यापीठातील, दोन्ही खेळ धरून, सर्वांत जाणते प्रशिक्षक होत. आयुष्यात कधीही कोणाचे सहायक न राहिलेला हा माणूस शाळेच्या संघापासून एकेक पायरी चढत २००७ मध्ये अॅन आर्बरला पोचला. पहिल्या हंगामात दहा विजय आणि बावीस पराभव पाहावे लागले. पण त्यांची पद्धत खेळाडू विकत घेण्याची नव्हती, घडवण्याची होती. लहान महाविद्यालयातून आलेला डंकन रॉबिन्सन पुढे एनबीए या व्यावसायिक साखळीत नावाजलेला नेमबाज झाला, तो बीलाइन यांच्याच तालमीत. २०१३ मध्ये ट्रे बर्कच्या संघासह आणि २०१८ मध्ये पुन्हा एकदा त्यांनी अंतिम फेरी गाठली. दोन्ही वेळा हार पत्करली, आधी लुइव्हिलकडून आणि मग व्हिलानोवाकडून. मार्च २०१७ मध्ये संघाचे विमान उड्डाण रद्द करताना धावपट्टीबाहेर घसरले. दुसऱ्या दिवशी सरावाचेच कपडे घालून संघ खेळला आणि आठवे मानांकन असताना चार दिवसांत चार सामने जिंकून बिग टेनची स्पर्धा घेऊन परतला. आणखी एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. बचाव हा आपल्या संघाचा कच्चा दुवा आहे हे ओळखून, साठीच्या पुढे गेलेल्या बीलाइन यांनी फुटबॉलच्या धर्तीवर बचावासाठी स्वतंत्र सहायक नेमला आणि ल्यूक याक्लिच यांच्या देखरेखीखाली संघ देशातील कडव्या बचावाच्या संघांत गणला जाऊ लागला. आपल्याला काय येत नाही हे उमजणारा प्रशिक्षक विरळाच.

२०१९ मध्ये ते एनबीएकडे गेले आणि फॅब फाइव्हमधील ज्युवान हॉवर्ड आले. त्यांचा चढ आणि उतार दोन्ही झपाट्याचे होते: २०२१ मध्ये देशातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा एपी या वृत्तसंस्थेचा पुरस्कार, २०२२ मध्ये विस्कॉन्सिनच्या सहायकावर हात उगारल्याबद्दल पाच सामन्यांची बंदी, आणि हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या २०२३-२४ च्या हंगामात आठ विजय व चोवीस पराभव. त्या जागी फ्लोरिडा अटलांटिकला उपांत्य फेरीपर्यंत नेलेले डस्टी मे आले. विद्यार्थिदशेत इंडियानामध्ये बॉब नाइट यांच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून टॉवेल आणि चित्रफिती सांभाळणाऱ्या मे यांनी जुन्या संघातील सात फुटी व्लादिस्लाव गोल्डिनला सोबत आणले, येल विद्यापीठातून तितकाच उंच डॅनी वुल्फ मिळवला, आणि आजकाल क्वचितच कोणी करते ते केले: दोन उंच खेळाडूंना एकाच वेळी खेळवून त्यांतील एकाच्या हाती चेंडू नेण्याचे काम दिले. पहिल्याच हंगामात सत्तावीस विजय, बिग टेन स्पर्धेचे विजेतेपद आणि राष्ट्रीय स्पर्धेत अखेरच्या सोळांत स्थान. खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक मिळाल्यापासून बास्केटबॉलमध्ये एक नेमका प्रशिक्षक एका उन्हाळ्यात संघाचे रूप पालटू शकतो. अर्थात तितक्याच वेगाने संघ उद्ध्वस्तही होऊ शकतो, आणि चांगला प्रशिक्षक दुसऱ्या विद्यापीठाने पळवण्याची धास्ती येथे कायमची आहे.

आता तिकिटाकडे वळू. मिशिगन स्टेडियममध्ये १,०७,६०१ प्रेक्षक बसतात, आणि वरच्या रांगेतून व्हिटिंगहॅम ही केवळ निळ्या टोपीची एक आकृती असेल. मध्यंतरानंतर बचावाची मांडणी बदलली का, हे ओळखायला सराव लागतो आणि घरी चित्रवाणीवर ते अधिक कळते. नोव्हेंबरची थंडी वेगळी. क्रिसलर सेंटरची क्षमता सुमारे बारा हजार सातशे आहे. मे कोणाला बाजूला बोलावून काय दाखवतात, टाइमआउटनंतरचा पहिला डाव कसा बसतो, कोणत्या चुकीबद्दल खेळाडू बाकावर येतो आणि किती मिनिटांत परत जातो, हे बसल्या जागेवरून दिसते. घरचे सामनेही फुटबॉलच्या सात-आठ सामन्यांच्या तुलनेत दुपटीने असतात, त्यामुळे एखादा चुकला तरी हळहळ वाटत नाही.

ज्याला लाखभर लोकांसह एका सुरात ओरडण्याचा अनुभव हवा आहे, त्याने हा सारा हिशेब बाजूला ठेवून फुटबॉलच घ्यावे; त्या अनुभवाला बास्केटबॉलमध्ये पर्याय नाही. पण ज्याला खेळ शिकायचा आहे आणि चांगला प्रशिक्षक काम करताना पाहायचा आहे, त्याने २०२६ च्या हिवाळ्यासाठी बास्केटबॉलचे सीझन तिकीट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फुटबॉलच्या त्या वर्षीच्या तिकिटात एक मोठी उणीवही आहे: ओहायो स्टेटचा सामना सम वर्षी कोलंबसला होतो, त्यामुळे तो त्यात नसेल. सप्टेंबर २०२६ मध्ये ओक्लाहोमा अॅन आर्बरला येणार आहे. त्या एका सामन्याचे सुटे तिकीट काढले, तर व्हिटिंगहॅम यांच्या बचावाची पहिली खरी परीक्षा पाहून होईल, आणि यंत्रणा जुळलेली दिसली तर २०२७ मध्ये, ओहायो स्टेट येथे येईल त्या वर्षी, फुटबॉलचे सीझन तिकीट घेता येईल.