सांगलीत दारोदार ‘बिल कमी करणारा’ डबा विकतायत, घेऊ नका

विश्रामबागला आमच्या काकूंकडं दुपारी एकजण आला, गळ्यात आयकार्ड, हातात क्लॅम्प मीटर, म्हणाला बिल ३० टक्के कमी होणार, सरकारमान्य मशिन आहे. १ एचपीची बोअरची मोटर चालू करायला लावली, मेन स्विचच्या वायरला मीटर अडकवलं तर ६.२ अँपिअर, मग डबा प्लगात खोचला तर ४.७. काकूंनी लगेच २,४०० रुपये रोख दिले, पावती बिवती काही नाही. पुढचं बिल आलं, होतं तेवढंच.

आता गंमत अशी की डेमोतले आकडे खरे होते. मोटर, फ्रिज, पंखा असल्या कॉइलवाल्या वस्तू कामाला लागणाऱ्या करंटशिवाय चुंबकत्व तयार करायला जास्तीचा करंट ओढतात, तो लाईनीत नुसता ये-जा करतो, काम करत नाही. त्यामुळंच पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटातला कामाला लागणारा वाटा, खाली जातो. शेजारी कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग, डब्यात तोच असतो) लावला की हा जास्तीचा करंट मोटरला तिथंच मिळतो, म्हणून मेनवर अँपिअर उतरतात. पण घरगुती बिल अँपिअरवर येतंय कुठं, ते येतं युनिटवर, म्हणजे किलोवॉट-तासावर. व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर असा गुणाकार करून बघा: २३० × ६.२ × ०.७ साधारण १००० वॉट, आणि डबा लावून २३० × ४.७ × ०.९२, परत साधारण १००० वॉटच!

पोरानं डबा फोडला तर आत पंख्याला असतो तसला ४ एमएफडीचा (मायक्रोफॅरड, कपॅसिटरचं माप) कपॅसिटर आणि एक एलईडी, बास. एवढ्याशानं १ एचपीच्या मोटरचे दीड अँपिअर उतरत नसतात, म्हणजे दाखवायचा डबा वेगळा आणि विकायचा वेगळा, हरामखोर साले.

कपॅसिटर ही वस्तू भंपक नाही हां. कुपवाड एमआयडीसीतल्या एचटी (उच्चदाब) कनेक्शनवाल्यांना २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे त्या नुसत्या ये-जा करणाऱ्या करंटासकट मोजून, बिल येतं, त्यांचा पॉवर फॅक्टर घसरला की खरंच पैसे जातात, म्हणून ते एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारे कपॅसिटर) बसवतात. शेतीपंपाला पण लावावा, लाईनीवरचा आणि डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) लोड हलका होतो.

तो माणूस आता मिरजेच्या बाजूला फिरतोय म्हणे. दारात आलाच तर क्लॅम्प मीटर बाजूला ठेवायला सांगा, घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त मोटर चालू ठेवा आणि वीजमीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते डबा लावून आणि काढून त्याच्यासमोरच मोजा. हा दिवा युनिटच्या हिशोबानं लुकलुकतो, आकडा तेवढाच राहिला की बिल पण तेवढंच. पैसे आधीच गेले असतील तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.