दोन सर्व्हर असूनही आरती गोठली: दहा महिने वापरल्यानंतर

गिरगाव-लालबाग पट्ट्यातल्या मंडळांच्या आरत्या, नाट्यसंगीताच्या बैठकी, अधूनमधून लग्नं, हे सगळं लाइव्ह दाखवणं हा आमचा धंदा. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर एकुलत्या एका सर्व्हरवरून जोडीवर आलो. अंधेरीतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याची दोन मशीन, दोन्हीवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं आरटीएमपी मॉड्यूल (लाइव्ह प्रवाह घेणारा भाग) आणि त्यांच्यात आयपीची, म्हणजे नेटवरच्या पत्त्याची, अदलाबदल करायला कीपअलाइव्हड हा प्रोग्राम. प्रेक्षक कायम त्या एकाच तरंगत्या, म्हणजे या मशीनवरून त्या मशीनवर हलणाऱ्या, आयपीवर येतात.

आधी हिशेब. आमचा 720पी स्ट्रीम 2.5 एमबीपीएसचा. 1 जीबीपीएसच्या पोर्टवर कागदावर 400 प्रेक्षक बसतात, मी 300 धरतो. दुसरं मशीन आलं म्हणून हा आकडा दुप्पट होत नाही. ते राखीव खेळाडू आहे, पहिलं पडलं की सगळा भार त्याला एकट्याला पेलायचाय. विसर्जनाच्या दिवशी सीडीएन (भार वाटून घेणारं बाहेरच्या सर्व्हरचं जाळं) लावतो, तो विषय वेगळा.

स्ट्रीम दोन्हीकडे एकाच वेळी जातो. मांडवातल्या लॅपटॉपवर ओबीएस हा प्रक्षेपणाचा प्रोग्राम, त्याच्यामागे एफएफएमपेग हे व्हिडिओचं अवजार, आणि तिथून त्याच्या टी मक्सरने (एका प्रवाहाचे दोन फाटे करणाऱ्या सोयीने) दोन्ही सर्व्हरना तोच प्रवाह. त्यातली ‘ऑनफेल इग्नोर’ ही सेटिंग विसरू नका, नाहीतर एक बाजू तुटली की दुसरीही बंद पडते. प्रेक्षकांकडे व्हिडिओ एचएलएस पद्धतीने, छोट्या फाइलींच्या तुकड्यांत जातो. तुकडे पाडताना स्लायसिंग ‘अलाइन्ड’ ठेवलं, म्हणजे दोन्ही मशीन टाइमस्टॅम्प बघून एकाच जागी कापतात. तरी एखादी जोडणी मध्येच तुटून पुन्हा लागली की तुकड्यांची मोजणी हुकते, आणि आयपी हलल्यावर प्लेअरला 404, म्हणजे ‘फाइल सापडत नाही’, मिळतो. म्हणून प्लेअरमध्येच प्लेलिस्ट (तुकड्यांची यादी) नव्याने मागवायची सोय केली.

मशीन सरळ बंद पडलं तर ही जोडी झकास चालते. कीपअलाइव्हड वापरतं त्या व्हीआरआरपी प्रोटोकॉलची ‘मी जिवंत आहे’ ही हाक दर सेकंदाला जाते. ती थांबली की साडेतीन-चार सेकंदांत आयपी दुसरीकडे. आमचे तुकडे 4 सेकंदांचे, प्लेअर तीन तुकडे मागे राहून चालतो, त्यामुळे चाचणीत वायर उपटली तेव्हा शेजारी बसलेल्या पोराला काही कळलंच नाही.

फजिती झाली ती मशीन धडधाकट असताना. पाचव्या दिवशी, संध्याकाळची आरती, ‘घालीन लोटांगण’ सुरू होणार तेवढ्यात कार्याध्यक्षांचा फोन, “अहो, बाप्पा गोठलेत!” पहिल्या सर्व्हरवर एनजिनएक्स उभा, आरटीएमपीचं 1935 पोर्ट उघडं, कीपअलाइव्हड खूश. पण रेकॉर्डिंग आणि एचएलएसचे तुकडे एकाच पार्टिशनवर होते, आणि ते शंभर टक्के भरलेलं. नवा तुकडा लिहायला जागाच नाही. दुसऱ्या मशीनवर तीच आरती व्यवस्थित चालली होती, बघायला कोणी नव्हतं. पहिल्यावरचं कीपअलाइव्हड हातानेच बंद केलं तेव्हा आयपी हलला. तोवर मंत्रपुष्पांजली आटोपली होती. चूक सर्वस्वी माझी. प्रोसेस जिवंत आहे का एवढंच मी तपासत होतो.

त्या रात्री तपासणी बदलली: शेवटचा तुकडा 10 सेकंदांपेक्षा जुना असेल तर मशीन नापास. दुसऱ्या दिवशी सकाळी आयपी दोन्हीकडून गायब! कार्यक्रमच नव्हता, म्हणजे नवे तुकडे नाहीत, म्हणजे दोघंही नापास. मग नापास झाल्यावर फक्त प्राधान्य (आयपी कोणाकडे राहावा हे ठरवणारा आकडा) 30ने कमी करायचं ठरवलं. दोघंही घसरले तरी आयपी जागेवर राहतो. पण तेही चालेना, कारण मी हौसेने ‘नोप्रीएम्प्ट’ ही सेटिंग लावून ठेवलेली, आणि ती असली की प्राधान्य कमी झालेल्या मास्टरकडून (आयपी ज्याच्याकडे आहे त्या मशीनकडून) बॅकअप मशीन आयपी घेत नाही. हे शोधण्यात अख्खा दिवस आणि चार कटिंग गेले. ‘नोप्रीएम्प्ट’ काढलं, आयपीने उगाच टुणटुण उड्या मारू नयेत म्हणून ‘राइज’ (सलग किती तपासण्या पास झाल्यावर मशीन ठीक मानायचं तो आकडा) 30वर नेला. रेकॉर्डिंगला वेगळी डिस्क दिली. त्यानंतर एकही आरती गोठलेली नाही.

वर्षाला 99.9 टक्के म्हणजे पावणेनऊ तास बंद चालतं, असं विक्रेते ऐकवतात. आमच्या गिऱ्हाइकाला वर्षातली ठरावीक वीस मिनिटं हवी असतात, बाकी तास गेले तरी त्याला पत्ता नसतो.

परवा डिस्क बदलायला रॅकपाशी गेलो होतो. दोन्ही मशीनच्या पिना एकाच पॉवर स्ट्रिपमध्ये. दहा महिने. दुसऱ्या फीडवरची, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीवरची, स्ट्रिप मागितली आहे, तिकीट अजून उघडंच आहे.