रोमिओ-ज्युलिएट : १५९७ ची प्रत की १५९९ ची?

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ मूळ इंग्रजीतून वाचायचं किंवा बसवायचं असेल, तर आधी संहिता ठरवावी लागते. शेक्सपिअरच्या हयातीतच या नाटकाच्या दोन बऱ्याच वेगळ्या प्रती छापल्या गेल्या : १५९७ ची आटोपशीर, आणि आपण ‘नव्याने दुरुस्त केलेली, वाढवलेली’ असल्याचं मुखपृष्ठावरच मिरवणारी १५९९ ची.

लग्नानंतर रात्रीची वाट पाहणारी ज्युलिएट १५९९ मध्ये तीसेक ओळी बोलते. आपण मेल्यावर रोमिओचे तुकडे करून तारे घडवावेत, ही तिची भन्नाट कल्पना त्यातलीच. १५९७ मध्ये ती चार ओळींत आवरतं घेते. नुसतं वाचायचं असेल, तर माझ्या मते निकाल इथेच लागला.

शब्दांचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही. ज्युलिएट गेल्याची बातमी कळल्यावर रोमिओ ताऱ्यांना, म्हणजे नशिबाला, १५९७ मध्ये ‘डिफाय’ करतो, म्हणजे आव्हान देतो. १५९९ मध्ये तो ‘डिनाय’ म्हणतो : मी तुम्हाला मानतच नाही. पुष्कळ संपादक ‘डिफाय’ उचलतात. टाळीचा शब्द आहे तो. मला ‘डिनाय’ जास्त भेदक वाटतो. तारे नाकारून हा पोरगा तडक विष आणायला निघतो, म्हणजे ताऱ्यांच्या मनासारखंच करतो.

खंजीर उरात खुपसताना ज्युलिएट १५९७ मध्ये त्याला ‘रेस्ट’ म्हणते, विसाव म्हणून सांगते. १५९९ मध्ये ‘रस्ट’ : इथेच गंजत पड. चौदाही पूर्ण न झालेल्या मुलीच्या तोंडी हा शब्द अंगावर येतो. गुलाबाच्या प्रसिद्ध ओळीतही ‘नेम’ (१५९७) आणि ‘वर्ड’ (१५९९) असा फरक आहे, पण तिथे फारसं काही बिघडत नाही.

१५९७ ची खरी कमाई रंगसूचनांत आहे. ज्युलिएट ‘काहीशी घाईने’ येते आणि रोमिओला मिठी मारते. तो स्वतःला भोसकू पाहतो तेव्हा दाई खंजीर हिसकावते. उलट १५९९ मध्ये पहाटेचं वर्णन करणाऱ्या चार ओळी जशाच्या तशा आधी रोमिओच्या आणि लगेच पाद्रीबाबांच्या तोंडी छापल्या गेल्यात.

दुकानात मिळणारी आवृत्ती बहुधा १५९९ वर बेतलेली आणि १५९७ मधून सूचना, शब्द उचललेली असते. वाचणाऱ्याने तीच घ्यावी, फक्त तळटीपांत पाठभेद दिलेत ना, एवढं पाहावं. कॉलेजात बसवायचं असेल तर १५९७ ची बरी. केंब्रिजने ती २००७ मध्ये स्वतंत्र काढली आहे. रात्रीचं स्वगत मात्र १५९९ मधून उसनं घ्या, चार ओळींवर कुठलीही ज्युलिएट राजी होणार नाही.