कोलोरॅडो, वायोमिंग की मोंटाना? पहिला शिकारीचा हंगाम आखणाऱ्यांसाठी

दर डिसेंबरात मला दोन-तीन फोन हमखास येतात. एखादा डॅलसहून, एखादा शिकागोहून. प्रश्न ठरलेला: "पुढच्या वर्षी एल्कच्या शिकारीला जायचंय, कोलोरॅडोत येऊ की मोंटानाला जाऊ?" मी डेन्व्हरजवळ राहतो, गेली अकरा वर्षं सप्टेंबर ते नोव्हेंबरचे बहुतेक शनिवार-रविवार डोंगरात जातात, तरी या प्रश्नाला मला झटकन उत्तर देता येत नाही. समोरचा या हरणाच्या शिंगांबद्दल विचारत असतो. मला मात्र विचारायचं असतं की सुट्टी किती, गुडघे कसे आहेत आणि मांस गाडीपर्यंत आणायला सोबत कोण आहे.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले, आणि ते संपणं गरजेचंच होतं. इथलं गणित वेगळं आहे. दर वर्षी कळपांचा अंदाज घेऊन राज्य परवान्यांची संख्या ठरवतं, आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव खात्यांकडे जातो. गावाकडच्या नातेवाइकांना मी हे दर वेळी समजावून सांगतो. तुम्हालाही सांगावं लागेल.

आधी कागदपत्रं

प्राणी ठरवण्याआधी हा भाग वाचा, कारण आपल्यातले बरेच जण एच-वन-बीवर आहेत. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. अपवाद मोजके आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. क्रम उलटा झाला तर तो केंद्रीय गुन्हा ठरतो आणि व्हिसावर गदा येते. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. जराही शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मित्राच्या शब्दावर जाऊ नका.

दुसरा कागद हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणवर्गाचा. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत तो लागतोच. वायोमिंग आणि मोंटानाची जन्मतारखेची अट वेगळी आहे, पण एका राज्याचं कार्ड सगळीकडे चालतं.

एल्क की प्रॉन्गहॉर्न?

सगळ्यांना एल्कच हवा असतो. आपल्या सांबराहूनही थोराड हरीण, नर सव्वातीनशे किलोच्या आसपास. सप्टेंबरात माजावर आलेल्या नराची शीळ पहाटे दरीतून ऐकली की अंगावर काटा येतो. मला तो दर वर्षी येतो. पण आकड्यांकडे बघा. एका मादीचं हाडं काढून उरणारं मांस सत्तर-ऐंशी किलो, नराचं त्याहून बरंच जास्त. रस्त्यापासून चार किलोमीटरवर आणि दहा हजार फूट उंचीवर प्राणी पडला, तर दोन माणसांना पाठीवर ओझं घेऊन किमान दोन-दोन खेपा. माझी पहिली मादी मी आणि एका मित्राने अशीच आणली. दुपारी दोनला गोळी झाडली, शेवटची खेप गाडीशी पोहोचली तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे अकरा वाजले होते.

प्रॉन्गहॉर्नला इथले लोक अँटिलोप म्हणतात. लांबून काळविटाची आठवण होते, पण तो स्वतंत्र कुळातला, फक्त उत्तर अमेरिकेतला प्राणी. वजन चाळीस ते पंचावन्न किलो, हाडं काढून मांस पंधरा ते वीस किलो. एक माणूस एका खेपेत आणू शकतो. राहतो उघड्या माळावर, त्यामुळे दिवसभर दिसत राहतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला याहून मोठी शाळा नाही. एल्कच्या पाच दिवसांत कदाचित एकही जनावर दिसणार नाही. प्रॉन्गहॉर्नच्या एका सकाळी तुम्ही चार वेळा सरपटत जाल, तीनदा फसाल आणि दर वेळी काहीतरी शिकाल. नजर अतिशय तीक्ष्ण, धाव ताशी नव्वद किलोमीटरच्या घरात. म्हणजे सोपा नाही, पण संधी पुन्हा पुन्हा देतो.

म्यूल डिअर नावाचं हरीण या दोघांच्या मधलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. चांगल्या भागांचे टॅग (एक जनावर मारायचा परवाना) मिळायला वर्षं लागतात, आणि पहिल्या हंगामात त्यामागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन राज्यं

कोलोरॅडोत एल्कची संख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त, अडीच लाखांच्या वर. बाहेरच्या राज्यातल्या माणसासाठी मोठी सोय म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रायफल हंगामात अनेक युनिटांत (शिकारीच्या विभागांत) नराचा टॅग ड्रॉशिवाय, म्हणजे सोडतीशिवाय, थेट विकत मिळत आला आहे. धनुष्यबाणाच्या हंगामासाठी ही सोय बाहेरच्यांना २०२५पासून बंद झाली. नियम दर वर्षी हलतात, म्हणून खात्याचं चालू वर्षाचं ब्रोशर उघडूनच ठरवा. तोटा उघड आहे: जे सगळ्यांना मिळतं तिथे सगळे जातात. दुसऱ्या हंगामाच्या शनिवारी पहाटे साडेचारला पायवाटेच्या तोंडाशी गाडी लावायला जागा नसते, आणि रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतला एल्क तोवर उठून गेलेला असतो.

कोलोरॅडोची आणखी एक गोष्ट मला जिव्हाळ्याची आहे. सप्टेंबरात नऊ दिवसांचा ठासणीच्या बंदुकीचा हंगाम असतो. दुर्बीण लावायची नाही, दारूच्या वड्या चालत नाहीत, मोकळी दारू मोजून भरायची. टॅग ड्रॉनेच मिळतो. कोकणात आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भात लोंबीला आलं की रात्री डुकरांच्या पाळतीवर माळ्यावर बसायचे. गज घालून दारू ठासतानाचा तो आवाज मी पाचव्या वर्षी ऐकला होता, तो पुन्हा ऐकला चाळिशीत, रॉकीच्या डोंगरात. एल्कच्या शीळेचे दिवस आणि ठासणीची बंदूक, दोन्ही एकाच आठवड्यात येतात. तुम्ही कोलोरॅडोचे रहिवासी झाला असाल तर हा टॅग मागा.

वायोमिंग हे प्रॉन्गहॉर्नचं घर, जगातला सर्वांत मोठा वाटा याच राज्यात. २०२२-२३चा हिवाळा मात्र फार वाईट गेला. राज्याच्या पश्चिम आणि दक्षिण भागांत प्रॉन्गहॉर्न आणि म्यूल डिअर मोठ्या संख्येने मेले आणि खात्याने टॅग कापले. त्यामुळे जुन्या लेखांतली "वायोमिंगमध्ये टॅग सहज मिळतो" ही वाक्यं आता सोडून द्या. पूर्वेकडचे भाग बघा. मादीचा टॅग मिळतोय का तेही बघा. तो परवडतो, आणि मांस नराइतकंच चांगलं.

वायोमिंगमध्ये एल्कला जाणाऱ्या बाहेरच्या माणसाने एक नियम पाठ करावा. केंद्राने घोषित केलेल्या विल्डरनेस क्षेत्रात परराज्यातल्या शिकाऱ्याला वाटाड्याशिवाय मोठ्या प्राण्यांची शिकार करता येत नाही. व्यावसायिक वाटाड्या हवा, नाहीतर खात्याकडून तसा विनाशुल्क परवाना घेतलेला स्थानिक सोबती हवा. नकाशावर हिरवीगार, विनारस्त्याची जागा बघून जीव हरखतो, आणि नेमकी तीच जागा तुम्हाला बंद असते.

मोंटानाचा रायफल हंगाम पाच आठवड्यांचा, ऑक्टोबरअखेरपासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारपर्यंत. एवढी ऐसपैस मुदत इतर दोन राज्यांत नाही. बाहेरच्यांसाठी बिग गेम कॉम्बिनेशनचे (एल्क आणि डिअर एकाच परवान्यात) १७,००० परवाने आणि त्यांचा ड्रॉ. अर्जाची मुदत १ एप्रिल. ब्लॉक मॅनेजमेंट नावाच्या योजनेत खासगी रँचवाले शिकाऱ्यांना विनामूल्य आत येऊ देतात. काही ठिकाणी फाटकाशी ठेवलेल्या पेटीत नाव लिहून टाकायचं, काही ठिकाणी आधी फोन. या योजनेवरच माझं मोंटानावर प्रेम बसलं. पण अंतर मोठं, थंडी कडक, आणि राज्याच्या पश्चिम भागात ग्रिझली अस्वलं आहेत. मारलेल्या एल्कपाशी गुडघे टेकून एकट्याने सुरी चालवणं तिथे शहाणपणाचं नाही. एकाने पहारा द्यायचा, बेअर स्प्रे हाताशी, मांस लवकरात लवकर तिथून हलवायचं. (वायोमिंगच्या वायव्य कोपऱ्यातही हेच. कोलोरॅडोत फक्त काळी अस्वलं.)

जमीन कोणाची?

टॅग मिळाला म्हणजे जायला जागा मिळाली असं नाही. यात नवखे सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबतो.

वायोमिंगच्या दक्षिण भागाचा जमीनमालकीचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. १८६०च्या दशकात रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंचे चौरस मैलाचे तुकडे एक सोडून एक दिले गेले, उरलेले सरकारकडे राहिले. त्यामुळे हजारो एकर सरकारी जमीन चारही बाजूंनी खासगी जमिनीत अडकली. एका सरकारी चौकोनातून कोपऱ्यावरून पाऊल टाकून पुढच्या सरकारी चौकोनात जाणं हा गुन्हा का, यावर वर्षानुवर्षं वाद होता. मिसुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी २०२१मध्ये वायोमिंगच्या एल्क माउंटनवर तेच केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०२५मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. वायोमिंग आणि कोलोरॅडो त्या कोर्टाच्या कक्षेत येतात, मोंटाना येत नाही. निकाल बाजूने असला तरी अट कायम आहे: खासगी मातीला पाय लागता कामा नये. म्हणून ऑनएक्ससारखं मालकी दाखवणारं ॲप आधी डाउनलोड करून ठेवा, नेटवर्क मिळणार नाही हे धरूनच.

वायोमिंगच्या टॅगांच्या यादीत काही भागांपुढे सार्वजनिक जमीन कमी असल्याची सूचना असते. जुलैत उरलेले टॅग बहुतेक तिथलेच असतात. स्वस्त म्हणून घेतलात तर रँचवाल्यांच्या दारोदार फिरावं लागेल. त्याऐवजी खात्याचे वॉक-इन भाग, म्हणजे शिकाऱ्यांना पायी जाऊ देणाऱ्या खासगी जमिनी, आधी शोधा आणि मगच टॅग मागा.

शरीर, पैसा, मांस

डॅलसचा माझा एक मित्र विमानातून उतरला आणि त्याच रात्री साडेदहा हजार फुटांवर तंबूत झोपला. दुसऱ्या दिवशी डोकं धरून उलट्या. आम्ही त्याला खाली आणलं, हंगामातले तीन दिवस गेले. समुद्रसपाटीवरून येत असाल तर दोन रात्री खाली काढा. प्रॉन्गहॉर्नचे माळ याहून बरेच खाली असतात, त्या बाजूने हेही एक वजन.

परराज्यातल्या माणसाला कोलोरॅडोचा नर एल्क सुमारे ८०० डॉलर, वायोमिंगचा साधा एल्क परवाना ७००च्या आसपास, मोंटानाचं कॉम्बिनेशन १३००च्या घरात, वायोमिंगचा नर प्रॉन्गहॉर्न साडेतीनशेच्या आतबाहेर आणि मादी चाळीसच्याही आत. कोलोरॅडोच्या रहिवाशाला तोच एल्क सत्तरएक डॉलरला पडतो, आणि सलग सहा महिने राहिलं की रहिवासी धरतात. वाटाड्यासह एल्कची सहल काही हजार डॉलरांची. पहिल्या वर्षी तो खर्च करू नये असं मला वाटतं. मधला मार्ग हवा असेल तर ड्रॉप कॅम्प: घोड्यांवरून सामान डोंगरात पोहोचवतात, शिकार तुमची तुम्ही करायची.

बंदूक एकच घ्या. .३०८ किंवा .३०-०६ तिन्ही राज्यांत, तिन्ही प्राण्यांना पुरते. इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून घालायच्या झगझगीत भगव्या कपड्यांचे नियम वेगवेगळे आहेत. कोलोरॅडोत ५०० चौरस इंच आणि डोक्यावर टोपी असा पोशाख केलात तर बाकी दोन्हीकडे चालतो.

मांस वाया घालवणं तिन्हीकडे गुन्हा आहे, आणि ते तसंच असायला हवं. एल्क आणि म्यूल डिअरमध्ये क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा रोग आढळतो. तो पहिल्यांदा दिसला १९६७मध्ये, इथल्याच फोर्ट कॉलिन्सला. माणसाला झाल्याचा पुरावा नाही, पण तपासणी करून घ्यावी आणि बाधित निघालेलं खाऊ नये. मेंदू आणि पाठीचा कणा राज्याबाहेर नेण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे मांस हाडांवरून उतरवूनच घरी न्या. प्रॉन्गहॉर्नमध्ये हा रोग नाही. त्याचं दुखणं वेगळं. सप्टेंबरअखेरीस माळावर ऊन असतं, कातडं तासाभरात उतरलं नाही आणि मांस बर्फात गेलं नाही तर वास धरतं. "अँटिलोपचं मांस उग्र" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते उन्हात तापू दिलेलं असतं. नीट थंड केलेल्या मांसाचे पातळ तुकडे कांदा-लसूण मसाल्यावर तीन मिनिटं परतले तर माझ्या घरी कोंबडीला कोणी हात लावत नाही. एल्कची मान आणि नळ्या मात्र कुकरमध्ये, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात, सावकाश.

मी काय निवडेन?

आठवडाभराची सुट्टी आणि पहिलाच हंगाम असेल तर वायोमिंगचा प्रॉन्गहॉर्न. दोघं मिळून या, एक टॅग नराचा, एक मादीचा, चार दिवस. त्याच शरद ऋतूत आणखी पाच-सहा दिवस काढता आले तर कोलोरॅडोचा तिसरा रायफल हंगाम. बर्फ पडलं की एल्क खाली उतरतात आणि गर्दी दुसऱ्या हंगामापेक्षा कमी असते. मादीचा टॅग मिळत असेल तर तोच घ्या. मोंटाना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, दहा दिवस हाती असतील तेव्हा. ज्यांना फक्त मोठी शिंगं हवीत त्यांनी ड्रॉमध्ये पुढचा नंबर लागावा म्हणून दर वर्षी पॉइंट साठवत बसावं, पण साठवताना दर वर्षी प्रॉन्गहॉर्नला जावं, नाहीतर तो टॅग हातात येईल तेव्हा हात थरथरेल.

तारखा अशा: वायोमिंगच्या एल्कचा अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या एक-दोन दिवसांपर्यंत, मोंटाना १ एप्रिल, कोलोरॅडोचा ड्रॉ एप्रिलचा पहिला मंगळवार, वायोमिंगचा प्रॉन्गहॉर्न जूनच्या सुरुवातीला. कोलोरॅडोचे उरलेले आणि थेट विक्रीचे टॅग ऑगस्टमध्ये. हंटर एज्युकेशनचा वर्ग जानेवारीतच उरकून घ्या, उन्हाळ्यात जागा मिळत नाहीत, आणि कोलोरॅडोचा अर्ज तरी त्या कार्डाशिवाय पुढे सरकणार नाही.