बायोफ्लॉकच्या सब्सिडीच्या नावावर आत्याचे पावणेदोन लाख गेले, इंदूरवाल्यांनो वाचा

देपालपूर, सांवेर, हातोद, महू या बाजूला ज्यांची थोडीफार जमीन आहे आणि जे स्वतः इंदुरात राहतात त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. मत्स्य संपदा योजनेतून बायोफ्लॉकची (टाक्यांत दाटीने मासे पाळायची पद्धत) सब्सिडी काढून देतो असं सांगत एक गृहस्थ फिरतायत, आमच्या आत्याचे पावणेदोन लाख घेऊन गेले. नाव लिहीत नाही, एक तर तक्रार चालू आहे आणि दुसरं म्हणजे जे नाव सांगितलं ते तरी खरं होतं का कोण जाणे.

आत्या रिटायर्ड शिक्षिका, त्यातून गणिताची. टक्केवारीत तिला कोणी गुंडाळेल असं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं, नाहीतर लोक म्हणतात गावातली भोळी माणसं फसतात. देपालपूर रस्त्याला तिच्या नावावर तीन बिघे आहेत, बोअरिंग आहे, सोयाबीन आणि गहू बटाईने देतात. काका (आत्याचे यजमान) गुडघ्यांमुळे आता फारसे जात नाहीत. म्हणजे जमीन आहे, रिटायरमेंटचे थोडे पैसे आहेत, आणि काहीतरी करायची हौस आहे. अशा माणसाचा वास या लोकांना बरोबर येतो.

गणपतीत मंडळात आरती झाल्यावर हा माणूस भेटला. बोलणं अगदी नगर-पुण्याकडचं, स्वच्छ, हिंदीचा एक शब्द नाही. इंदुरात कोणी असं घडाघडा मराठी बोललं की आपण अर्धे तिथेच पाघळतो, खोटं बोलू नका, सगळ्यांचं तसंच आहे. काकू काकू करत त्याने प्रसाद खाता खाता सगळी योजना समजावली. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना, २०२० साली सुरू झाली, वीस हजार पन्नास कोटींची, त्यात सात टाक्यांचं बायोफ्लॉक युनिट, टाकी चार मीटर व्यासाची, दीड मीटर उंच, युनिटचा खर्च साडेसात लाख धरलेला, जनरल कॅटेगरीला ४० टक्के सब्सिडी, महिला आणि एससी-एसटीला ६० टक्के, म्हणजे काकू तुमच्या नावाने टाकलं तर साडेचार लाख सरकारचे आणि तुमचे फक्त तीन.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. आत्याने घरी येऊन नातवाला मोबाईलवर शोधायला लावलं, सगळं जसंच्या तसं निघालं. गोम इथेच आहे. तो जे पडताळून पाहता येतं ते सगळं खरं सांगतो, आणि जे पडताळायचं आपल्याला सुचतच नाही तिथे खोटं घुसवतो. त्याचं खोटं फक्त दोन वाक्यांचं होतं. पहिलं, मंजुरी झाली की साडेचार लाख आधी येतात. दुसरं, तुमचा तीन लाखांचा वाटा आमच्याकडे जमा करायचा, आम्ही तो 'योजनेत' भरतो.

खरी पद्धत उलटी आहे, हे मला नंतर जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात बसून नीट कळलं. तुम्ही अर्ज आणि प्रोजेक्ट रिपोर्ट देता, तो कलेक्टर अध्यक्ष असलेल्या जिल्हास्तरीय समितीपुढे जातो, मंजूर झाला की काम तुम्ही करायचं, स्वतःच्या पैशाने किंवा बँकेचं कर्ज काढून, बिलं सांभाळायची, मग विभागाचा माणूस येऊन जागा बघतो, जिओटॅग केलेले (जागेचा ठावठिकाणा नोंदलेले) फोटो काढतो, आणि मग सब्सिडी तुमच्या आधार जोडलेल्या खात्यात येते. लाभार्थ्याचा वाटा म्हणजे तुम्ही तुमच्या टाक्यांवर केलेला खर्च, तो कोणाकडे 'जमा' करायची भानगडच नाही. वाटा जमा करा म्हणणारा माणूस दिसला की चहा पाजून वाटेला लावायचा.

तर आत्याने आधी फाइल चार्ज म्हणून ११ हजार दिले. आधार, समग्र आयडी (एमपी सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), खसऱ्याची (जमिनीच्या उताऱ्याची) नक्कल, पासबुक, फोटो सगळं गेलं. आणि पाचशेच्या स्टॅम्पवर एक करारनामा झाला, तो काकांनी वाचला पण चष्मा लावून वाचला नाही. त्याच्याकडे नंतर येतो.

दोनेक आठवड्यांत मंजुरीचं पत्र आलं व्हॉट्सअ‍ॅपवर, रंगीत, वर सिंह, खाली क्यूआर कोड, हिंदीत, 'हितग्राही' (म्हणजे लाभार्थी) वगैरे शब्द अगदी आपल्या एमपीच्या सरकारी कागदात असतात तसे. आत्याने प्रिंट काढून लॅमिनेशन केलं! ते पत्र आता माझ्या टेबलावर आहे. वर लिहिलंय कृषी एवं किसान कल्याण मंत्रालय, मत्स्य विभाग. अहो, मत्स्य विभाग २०१९ पासून त्या मंत्रालयात नाहीच, मत्स्यपालन, पशुपालन आणि डेअरीचं वेगळं मंत्रालय आहे. दिल्लीचं मंत्रालय देपालपूर रस्त्याच्या तीन बिघ्यांना थेट पत्र पाठवत नाही ही गोष्ट वेगळीच. आणि तळाला, सहीच्या अगदी वर, 'हितग्राही अंशदान' म्हणजे लाभार्थ्याचा वाटा भरायचा खाते क्रमांक छापलेला, सेव्हिंग खातं, एका माणसाच्या नावाचं. क्यूआर कोड स्कॅन केला तर काय उघडतं माहितीये? खऱ्या योजनेची खरी वेबसाइट, होमपेज. म्हणजे स्कॅन करणाऱ्याचं समाधान होतं, पण त्या पानावर आत्याचं नाव कुठेच नाही.

दीड लाख भरले. अर्धा वाटा आता, अर्धा सब्सिडी आल्यावर.

दिवाळीनंतर माल आला. सातपैकी दोन टाक्या, म्हणजे लोखंडी जाळीचा गोल आणि आत ताडपत्री, ती इतकी पातळ की उन्हात धरली तर पलीकडचं दिसत होतं. एक ब्लोअर, चार नळ्या, प्रोबायोटिकचे दोन डबे, गुळाची एक भेली. बाकीच्या पाच टाक्या 'दुसऱ्या टप्प्यात'. आणि ऑक्सिजन भरलेल्या पॉलिथीनच्या पिशव्यांत पंगासचं बीज, त्याचे वेगळे १४ हजार रोख घेतले. नोव्हेंबरात, माळव्यात, उघड्यावर, पंगास! ज्याला या माशाची थोडी माहिती आहे तो हसेल. पंगास उष्ण पाण्याचा मासा, पाणी गार पडलं की खाणं सोडतो आणि मग रोग लागून मरतो. आपल्याकडे जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, टाकीतल्या पाण्याला कुठला आडोसा.

त्याहून मोठी गोष्ट विजेची. बायोफ्लॉकमध्ये मासे दाटीने असतात, ब्लोअर चोवीस तास चालला पाहिजे, तो बंद पडला तर तासा-दोन तासांत मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. आपल्या शेतीच्या फीडरला वीज दिवसाला दहा तास. जनरेटर आहे का, इन्व्हर्टर आहे का, रात्री शेतावर कोण झोपणार, यातला एकही प्रश्न त्या माणसाने कधी विचारला नाही. मासे जगवून ज्याला धंदा करायचाय तो हे पहिल्यांदा विचारेल. त्याचा धंदा बीज पोचवेपर्यंतच होता. बटाईवाल्या भैय्याने एका सकाळी फोन केला की सगळे उलटे झालेत, वास सुटलाय.

काकांना वाटलं नशीब. आत्या म्हणाली हिवाळा संपला की पुन्हा बीज टाकू, सब्सिडी येणारच आहे. तोपर्यंत या दोघांनी घरात कोणाला आकडा सांगितला नव्हता. मग त्या माणसाचा फोन आला की जिओटॅगिंगची टीम भोपाळहून येतेय, इन्स्पेक्शनचे १८ हजार भरा नाहीतर फाइल लॅप्स होईल. आत्याने मला विचारलं ते इतकंच, की हे पैसे बिलात दाखवता येतील का रे.

मी जीएसटीचं काम करतो, दिवसभर नंबरच बघतो, म्हणून म्हटलं बिल पाठव. बिलावर पत्ता इंदूरचा, नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड, आणि जीएसटी नंबर सुरू होतो २७ ने. २७ महाराष्ट्र. एमपीचा २३ असतो. पुढे बघितलं. नंबरातला सहावा वर्ण म्हणजे पॅनचा चौथा, तो कंपनी असेल तर सी असतो, इथे पी होता, म्हणजे एका व्यक्तीचा पॅन. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून कोणीही फुकट शोधू शकतं, लॉगिन पण लागत नाही. शोधलं तर कुठल्यातरी मोबाईल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचा नंबर, तोही रद्द झालेला. त्या बिचाऱ्या दुकानदाराला पत्ता पण नसेल. तेव्हा कोणी टाकी विको, सोलर पंप विको की रोपं, पैसे देण्याआधी त्याचा जीएसटी नंबर मागा आणि तिथे टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मत्स्य कार्यालयात गेलो तर आत्याच्या नावाचा अर्जच नाही. तिथले बाबू बरे होते, चिडले नाहीत, म्हणाले सर, असे लॅमिनेशन केलेले कागद घेऊन लोक येतच असतात.

पोलिसांकडे तो स्टॅम्पवाला करारनामा आडवा आला. त्यात बारीक अक्षरात लिहिलंय की कंपनी फक्त 'तांत्रिक सल्ला व साहित्य' देईल, शासकीय अनुदान मिळणे न मिळणे ही लाभार्थ्याची जबाबदारी. ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं की हा तर दिवाणी मामला दिसतो. मग ते खोटं मंजुरीपत्र पुढे केलं, सरकारी मुद्रेची नक्कल आहे म्हटल्यावर अर्ज घेतला. म्हणून सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काही डिलीट करू नका, लाजेने तर अजिबातच नको. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पण तक्रार केली, पण ते लगेच करायचं असतं, पैसे गेल्या गेल्या, तेव्हा बँक पुढच्या खात्यात रक्कम अडवू शकते. आमचे दीड लाख कधीच चार खात्यांतून पुढे गेले होते. मंगळवारी कलेक्टोरेटच्या जनसुनवाईत पण कागद दिलाय, १८१ या सीएम हेल्पलाइनवर पण नोंदवलंय.

आणि मजा बघा, तक्रारीनंतर काही दिवसांतच आत्याला दुसरा फोन. हिंदीत, अगदी सभ्य बाई, 'मॅडम आपकी सब्सिडी रुकी हुई है', तुमची फसवणूक झाल्याचं आमच्या रेकॉर्डला आहे, पैसे परत मिळतील, फक्त हे अ‍ॅप टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल), मत्स्य लाभार्थी असं काहीतरी नाव. ही फाइल टाकली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि मग ओटीपी परस्पर त्यांच्याकडे. पीएम किसानच्या नावाने पण हाच प्रकार चालतो, दोन हजारांचा हप्ता अडकलाय, ई-केवायसी करा, आणि खाली फाइल. सरकार कुठलंही अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही. माझा अंदाज असा की एकदा फसलेल्या माणसांची यादीच हे लोक पुढे विकतात, कारण त्या बाईला युनिट किती टाक्यांचं ते पण ठाऊक होतं. आत्याने या वेळी शाळेतल्या आवाजात तिला नाव, पद आणि ऑफिसचा पत्ता विचारला, फोन कट.

काही जण म्हणतील एजंट पकडलाच कशाला. अहो, सगळेच एजंट चोर नसतात. ऑनलाइन सेंटरवाला भैय्या फॉर्म भरायचे शंभर रुपये घेतो, प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून देणारा त्याची फी घेतो, ते कामाचे पैसे आहेत, त्यात काही गैर नाही. आणि योजना पण खोटी नाही, बेटमाकडे एकांच्या तळ्याला रीतसर सब्सिडी आलेली मी कागदांसकट पाहिलीये. त्यांनी कर्ज काढलं, तळं खोदलं, बिलं लावली, बरेच महिने वाट पाहिली, मग खात्यात आले. मधल्या काळात पैसा आपलाच अडकतो, आणि ते सांगणारा एजंट कोणाला आवडत नाही.

हे लिहायची घाई अशासाठी की परवा मंडळाच्याच ग्रुपवर एक जाहिरात आली, नाव नवीन, पण खालचा नंबर तोच, जो आत्याच्या मोबाईलमध्ये 'मत्स्यवाले' नावाने सेव्ह आहे. आता विषय बांबू. एका रोपामागे १२० रुपये अनुदान तीन वर्षांत, हे पुन्हा खरं आहे, एमपीत बांबू मिशनचं तसं अनुदान आहे आणि त्यासाठी थेट वनविभागाच्या डीएफओ (विभागीय वन अधिकारी) ऑफिसात जायचं असतं. पण पुढे लिहिलंय की पीक आल्यावर लागणारा बांबू तोडायचा वनविभागाचा परवाना आम्ही आजच काढून ठेवतो, एकरी पंधराशे. शेतातला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर वन कायद्यात झाडच राहिलेला नाही, त्याला तोडायचा परवाना कुठला आणि काढणार कोण. ग्रुपवर मी हे टाकलं तर अ‍ॅडमिनने माझा मेसेज उडवला आणि वर लिहिलं, कृपया ग्रुपवर फक्त मंडळाचे विषय टाकावेत. जाहिरात अजून आहे. ग्वाल्हेर, देवास, उज्जैनच्या मंडळांमध्ये कोणी ओळखीचं असेल तर त्यांना हे पाठवा, नंबर हवा असेल तर मला मेसेज करा.